वाटेवरचे सोबती

जी हकीकत मी आज सांगणार आहे ती मला फारशी शोभणारी नाही. तरीही ती सांगावी असे कित्येक महिने मनात घोळत आहे. दर रविवारी वेदीपाशी उभे राहून जो माणूस इतरांना शेजारधर्म शिकवतो, त्याने आपला शेजारी कोठे आणि कसा गमावला, हे एकदा तरी त्याच लोकांना सांगितले पाहिजे. वाचकहो, तुम्ही माझ्याच घरची माणसे. घरच्या माणसांपुढे कसला आडपडदा?

मजजवळ एक जुनी सायकल आहे. काळ्या रंगाची, अठ्ठावीस इंची चाकांची, सळईच्या ब्रेकांची. ती माझ्या वडिलांची. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि त्या काळी रोज सहा मैल जाऊन येऊन शिकवीत. सायकलीच्या सीटमागे चामड्याची एक लहान पिशवी असे व तिच्यात पत्र्याची एक डबी. त्या डबीत काय काय असे, हे मला पाठ होते: घासकागदाचा तुकडा, रबराचे ठिगळ, सोल्यूशनची ट्यूब, दोन पाने आणि थोडी वॉलट्यूब. पंप तर दांड्यालाच अडकवलेला. रस्त्याच्या कडेला कोणी सायकल उलटी करून बसलेला दिसला की वडील खाली उतरत. कित्येकदा त्यांचे काहीच काम नसे. तो मनुष्य म्हणे, "झालंच आहे, मास्तर." मग हे पुन्हा पायडल मारीत निघत. मी पुढच्या दांड्यावर बसलेला असे आणि शाळेला उशीर होईल म्हणून कुरकुर करी. ते म्हणत, "अरे, विचारायला काय पैसे पडतात?"

वडील जाऊन आता बरीच वर्षे झाली. सायकल आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर पडून होती. मी चव्वेचाळीस वर्षांचा झालो तेव्हा डॉक्टरांनी रक्तातील साखर वाढल्याचे सांगितले आणि रोज तासभर चालावे किंवा सायकल चालवावी असा हुकूम केला. मी सायकल खाली काढली. तिला नवे टायर घातले, साखळीला तेल दिले आणि आजूबाजूच्या वाड्यांवर आजाऱ्यांना भेटावयास तिच्यावरूनच जाऊ लागलो. वर्षभरात पाय चांगले तयार झाले. मात्र पाय तयार झाले तसा मनात थोडा गर्वही तयार झाला, हे मला त्या वेळी कळले नाही.

२०२४ सालच्या नोव्हेंबर महिन्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन जुन्या गोव्यात खुले झाले. दर दहा वर्षांनी येणारा हा सोहळा २१ नोव्हेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत चालावयाचा होता. आपल्या सीमाभागातून पुष्कळ भाविक गोव्याला पायी जातात. मला धर्मग्राम सोडून इतके दिवस बाहेर राहणे शक्य नव्हते. मग एका दिवसात सायकलीने जावे असे ठरविले. बेळगावजवळच्या आमच्या गावाहून चोर्ला घाटाच्या मार्गाने जुने गोवे शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक पडते. जावयाचे होते तर मुकाट्याने जावयाचे. पण मी ते रविवारच्या सूचनांमध्ये जाहीर केले. "संध्याकाळच्या मिस्सेला मी जुन्या गोव्यात असेन," असे वेदीवरून बोलून बसलो. गोव्यातील एका धर्मगुरू मित्राला फोन करून पाच वाजता पोहोचतो असेही कळविले. लोकांनी कौतुक केले आणि ते मला गोड लागले.

पहाटे पाच वाजता निघालो. थंडी होती. डायनॅमोच्या उजेडात रस्ता जेमतेम दिसत होता. जांबोटीच्या वाटेवर उजाडू लागले तसे दोन्ही बाजूंचे रान आणि मधूनमधून काजूची झाडे दिसू लागली. पाय हलके होते. घड्याळ पाहिले तर ठरविल्यापेक्षा दहा मिनिटे पुढे होतो. सात वाजण्याच्या सुमारास, जांबोटी अजून थोडे लांब असताना, एका वळणावर मला तो दिसला.

त्याची सायकल चादरींनी व ब्लँकेटांनी अशी लादलेली होती की दुरून ती एखाद्या लहानशा गाडीसारखी वाटावी. हिवाळ्यात उत्तरेकडील फेरीवाले आपल्या गावांतून अशा चादरी विकत हिंडतात, ते तुम्ही पाहिले असतील. मागचे चाक पार बसलेले होते. तो रस्त्याच्या कडेला दगडावर बसला होता. मला पाहून उठला आणि त्याने एक हात वर केला. ओरडला नाही, आडवा आला नाही. नुसता हात वर केला.

मी थांबलो नाही.

त्या क्षणी मनात काय काय आले ते मला अक्षरशः आठवते, कारण पुढे मी ते अनेकदा तपासून पाहिले आहे. आधी आले की ओझे उतरवून चाक काढावयाचे म्हणजे अर्धा-पाऊण तास जाणार. मग आले की हा वर्दळीचा रस्ता आहे, मागून कोणीतरी येईलच. मग आले की जांबोटी फार दूर नाही, तेथे दुकान असेल. शेवटी, आणि हे सर्वांत वाईट, असे आले की मी काही सहलीला निघालो नाही, मी संताच्या दर्शनाला चाललो आहे. मी त्याच्याकडे पाहून हसलो, मान हलविली, "येईल कोणी," असे काहीतरी पुटपुटलो आणि पुढे गेलो. वडिलांची डबी सीटमागे खुळखुळत होती. पंप दांड्याला होता.

सव्वाआठच्या सुमारास कणकुंबीला पोहोचलो. मलप्रभा नदीचा उगम याच गावी होतो व पुढे ती पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला मिळते. याच खानापूर तालुक्याच्या डोंगरांत म्हादई जन्मते, ती मात्र पश्चिमेकडे वळते आणि गोव्यात मांडवी होऊन समुद्राला जाते. एकाच मातीतून निघून दोघींनी दोन दिशा धराव्यात, याचे मला नेहमी नवल वाटते. रस्त्याच्या कडेला एका मावशीचे चहाचे दुकान आहे. तेथे बाकावर बसून मी कांदाभजी आणि चहा घेतला आणि आपल्यावर खूश होतो.

इतक्यात एकामागोमाग सहा सायकली येऊन थांबल्या. हलक्या, गिअरच्या सायकली, डोक्यावर शिरस्त्राण, अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटे. त्यांत एक बँकेत काम करणारी बाई होती, एक महाविद्यालयातील प्राध्यापक, बाकी तरुण मुले. माझ्या सळईच्या ब्रेकांकडे पाहून त्यांना फार मौज वाटली. कोठून, कोठे अशी चौकशी झाली. मी धर्मगुरू आहे हे कळताच, "फादर, तुम्ही आतल्या बाजूला बसा, तेथे वारा लागत नाही," म्हणून मला जागा करून दिली.

त्यांच्याकडून मला ब्रेव्हे नावाच्या प्रकाराची माहिती मिळाली. ही शर्यत नव्हे. पहिला, दुसरा असे क्रमांक येथे नसतात. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत पुरे करावयाचे, इतकेच. दोनशे किलोमीटरांना साडेतेरा तास, तीनशेंना वीस, चारशेंना सत्तावीस आणि सहाशेंना चाळीस तास. प्रत्येकाजवळ एक कार्ड असते. वाटेतील नेमलेल्या ठिकाणी त्यावर नोंद करावी लागते. मागून मोटार घेऊन कोणी मदतनीस यावयाचा नाही. आपले ओझे आपण वाहावयाचे, आपले पंक्चर आपण काढावयाचे. ही रीत फ्रान्समधून आली. तेथे पॅरिसहून ब्रेस्ट बंदरापर्यंत जाऊन परत पॅरिसला येण्याचा बाराशे किलोमीटरांचा जुना मार्ग आहे. त्यावरची पहिली शर्यत १८९१ साली झाली. आता शर्यत नाही. दर चार वर्षांनी हजारो लोक तो नव्वद तासांच्या आत पुरा करावयास जातात, आणि त्यांत आपल्या देशातील लोकही असतात.

मी विचारले, "मग तुम्ही एकमेकांना मदत करावयाची नाही, असा नियम आहे काय?"

"छे, फादर," ती बाई म्हणाली. "एकमेकांना मदत करायची मोकळीक आहे. ती नसती तर निम्मे लोक घरी परत आलेच नसते. आता आमचा सातवा गडी मागे राहिला आहे, त्याचीच वाट पाहतोय."

अर्ध्या तासाने तो सातवा आला. वीस-बावीस वर्षांचा मुलगा. दोन्ही हात काळे झालेले, कपाळालाही काळा डाग. त्याने हात धुतले, चहा मागविला आणि उशिराचे कारण सांगितले. जांबोटीच्या अलीकडे एक चादरीवाला पंक्चर होऊन बसला होता. त्याचा पंप मोडला होता. सगळे ओझे उतरवून चाक काढले, ठिगळ लावले, पुन्हा ओझे चढविले. त्यात पाऊण तास गेला.

मी कपाकडे पाहत राहिलो.

तो मुलगा सांगू लागला, "अहो, काय माणूस आहे! गोरखपूरकडचा आहे. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या बंद झाल्या, तर ह्याच सायकलीनं गावी गेला. एकोणीस दिवस लागले म्हणाला. आम्ही इथं दोनशे किलोमीटरांची फुशारकी मारतो!"

बेळगावहून गोरखपूर म्हणजे दीड हजार किलोमीटरांहून अधिक वाट. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि हातावर पोट असलेली माणसे पायी आणि सायकलींवरून आपापल्या गावांकडे निघाली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बिहारमधील ज्योती कुमारी नावाची पंधरा वर्षांची मुलगी जायबंदी वडिलांना मागे बसवून गुरुग्रामहून दरभंग्यापर्यंत सुमारे बाराशे किलोमीटर गेली, तेव्हा साऱ्या जगाने तिचे नाव घेतले. ज्यांची नावे कोणी घेतली नाहीत अशांपैकी एक माझ्यासमोर हात वर करून उभा होता. आपण दूरचे प्रवासी म्हणून मी छाती फुगवीत होतो, आणि खरा दूरचा प्रवासी दगडावर बसला होता.

"त्याच्याजवळून कोणी गेले नाही काय?" प्राध्यापकांनी विचारले.

"गेले ना. गाड्या गेल्या. एक सायकलवालेही गेले म्हणाला. पण तो त्यांना दोष देत नव्हता. म्हणाला, बाबूजी घाईत होते, काहीतरी मोठं काम असेल."

काहीतरी मोठे काम असेल! वाचकहो, यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवरचा दाखला मी किती वेळा वाचून दाखविला असेन. पहिला जो आला तो याजक होता, त्याने त्या जखमी माणसाला पाहिले आणि तो पलीकडच्या बाजूने निघून गेला. हे वाक्य वाचताना माझा आवाज थोडा कडक होत असे, कारण तो याजक मला नेहमी कोणी दुसराच वाटे. त्या दिवशी कणकुंबीच्या बाकावर मला त्याचा चेहरा दिसला. आणि ज्याच्या हाताला ग्रीस लागले होते त्या मुलाने तो दाखला कधी ऐकलाही नसावा.

तेथेच उभे राहून, "तो सायकलवाला मीच," असे म्हणावयास हवे होते. मी म्हटले नाही. त्या सर्वांनी माझ्यासाठी जागा केली होती, माझ्या सायकलीचे छायाचित्र काढले होते, मला आदराने फादर म्हणत होते. तो आदर सोडवेना. मी चहाचे पैसे दिले आणि निघालो. एका सकाळी दोनदा चुकलो.

चोर्ल्याला तीन राज्यांच्या सीमा जवळजवळ येतात. तेथून रस्ता गोव्याच्या बाजूने खाली उतरतो. उतार सोपा वाटतो, पण जुन्या सायकलीला तोच अवघड. ब्रेक सतत दाबून ठेवला तर रबराचे गट्टे तापून गुळगुळीत होतात आणि मग धरीत नाहीत. थोडे दाबावे, थोडे सोडावे, पुन्हा दाबावे. एका तीव्र वळणावर ब्रेक धरीनासा झाला तेव्हा मी उतरलो आणि बराचसा घाट सायकल हाताने धरून उतरलो. एरवी मला ही नामुष्की वाटली असती. त्या दिवशी पायी चालणे बरे वाटले.

अंजुणे धरणाचे पाणी दिसू लागले, केरी आली. एका झाडाखाली शिदोरी खाऊन पडलो तो डोळा लागला. उठून साखळीच्या दिशेने निघालो आणि तीन वाजण्याच्या सुमारास मागचे चाक बसले.

वडिलांची डबी काढली. चाक काढले, ट्यूब बाहेर ओढली, बाटलीतील पाण्याने भोक शोधले, घासकागदाने घासले. सगळे बरोबर चालले होते. मग सोल्यूशनची ट्यूब दाबली, तर तिच्यातून काहीच येईना. पिळून पाहिली, टाचणीने टोचून पाहिली. आत सोल्यूशन वाळून खडा झाला होता. वर्षभर मी डबी मिरवीत होतो, पण ती उघडून पाहिली नव्हती. म्हणजे सकाळी मी थांबलो असतो तरी त्या चादरीवाल्याला माझ्या सोल्यूशनचा काही उपयोग नव्हता. पंपाचा झाला असता. माझ्या दोन हातांचा झाला असता. निदान तो एकटा बसला नसता.

आता माझी पाळी होती. गाड्या जात होत्या. प्रथम मी हात वर केला नाही. लाज वाटत होती. मग केला. हात वर करणे किती कठीण असते ते तेव्हा कळले. आपण उभे असतो आणि समोरचा आपल्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करतो. एकजण माझ्याकडे पाहून हसला, मान हलविली आणि गेला. तो अगदी माझ्यासारखाच हसला.

अर्ध्या तासाने दुरून भोंग्याचा आवाज आला. पोंऽ पोंऽ! गोव्यातील वाचकांना तो आवाज सांगावयास नको. संध्याकाळच्या फेरीला निघालेला पोदेर होता. सायकलीच्या मागे मोठी टोपली, वर निळे प्लॅस्टिक झाकलेले, ताज्या पावांचा वास. मी हात वर करण्याआधीच तो थांबला. गळ्यातील क्रूस पाहून कोकणीत विचारले, "कितें जालें, पाद्री?"

बोलण्याच्या ढबीवरून मला संशय आला म्हणून कन्नडमध्ये उत्तर दिले. त्याचे तोंड फुलले. तो आमच्याच जिल्ह्याचा, बैलहोंगल तालुक्यातील निघाला. आजकाल गोव्यातील बेकऱ्यांत आपल्या बाजूची पुष्कळ मुले कामाला आहेत. पहाटे तीनला उठतो, सकाळी एक फेरी, दुपारनंतर एक. रोजची पंचवीस-तीस किलोमीटर तरी सायकल होते, ती कोणी मोजत नाही आणि तिला कार्डही नसते. त्याच्या टोपलीच्या कोपऱ्यात फडक्यात बांधलेले सगळे सामान होते. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून त्याने ठिगळ केले, सोल्यूशन लावले आणि ते सुकेपर्यंत थांबावयाचे म्हणून भोंगा वाजवू लागला.

"भोंगा कशाला?" मी विचारले.

"पुढच्या वाड्यावर वाट पाहत असतील. मी येतोय, एवढं तरी कळू दे."

खरोखरच दोन मुले धावत आली आणि उंडे व पोया घेऊन गेली. उशीर झाला म्हणून त्याला बोलणी खावी लागतील, हे मला दिसत होते. मी पैसे पुढे केले तेव्हा त्याने हात मागे घेतला आणि उलट एक गरम उंडा माझ्या हातावर ठेवला. "साखळीत दुकान आहे, नवी सोल्यूशन घ्या," म्हणाला. "पुढं कुणाला तरी लागेल."

साखळीत मी दोन ट्यूबा घेतल्या. डिचोली मागे पडली. नार्व्यास सप्तकोटेश्वराच्या देवळावरून गेलो. शिवाजी महाराजांनी १६६८ साली या देवळाचा जीर्णोद्धार केला, हे इतिहासात वाचलेले होते. तेथून फेरीबोटीने दिवाडी बेटावर आलो आणि बेट ओलांडून दुसऱ्या फेरीसाठी धक्क्यावर उभा राहिलो. पाच केव्हाच वाजून गेले होते.

धक्क्यावर एक वयस्क जोडपे होते. फ्रान्सचे. दोघांच्याही सायकलींना पुढे दोन, मागे दोन पिशव्या. मुंबईहून कोकणाच्या किनाऱ्याने खाली आले होते. माझी सायकल पाहून आजोबांनी हात पुढे केला, जणू जुनी ओळख. मी म्हटले, "तुमची-माझी ओळख नाही." ते म्हणाले, "दोघेही सायकलीवर आहोत, आणखी कोणती ओळख हवी?"

मग मी त्यांना मुंबईच्या फ्रामरोझ दावरांची गोष्ट सांगितली. १९२४ साली हा पारशी तरुण एकटाच सायकलीने जग पाहावयास निघाला. कित्येक महिन्यांनी व्हिएन्नाला पोहोचला. तेथे त्याला गुस्ताव श्ताव्यानिक नावाचा ऑस्ट्रियन सायकलस्वार भेटला. भाषा निराळी, धर्म निराळा, देश निराळा. पण पुढची काही वर्षे दोघांनी मिळून प्रवास केला. सहाराचे वाळवंट ओलांडले, दक्षिण अमेरिकेतील रानांतून गेले. एकट्याने निघालेला माणूस वाटेत भेटलेल्या माणसामुळे पुढे गेला.

आणि हे सांगता सांगता, वाचकहो, मला राहवले नाही. त्या परक्या माणसांना मी सकाळची सगळी हकीकत सांगून टाकली. चादरीवाला, माझे हसणे, तो मुलगा, चहाच्या दुकानातील माझे मौन, वाळलेली ट्यूब. आजोबांनी मला उपदेश केला नाही आणि "त्यात काय एवढे" असेही म्हटले नाही. फेरीबोट मांडवीच्या मध्यावर आली होती, पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे अंधारात जात होते. ते इतकेच म्हणाले, "तुम्ही परत त्याच रस्त्याने जाणार ना?"

मी पोहोचलो तेव्हा संध्याकाळची मिस्सा संपली होती. माझे मित्र काळजीत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे कुमसार केला आणि से कॅथेड्रलमध्ये दर्शनाच्या रांगेत उभा राहिलो. ज्या संताने आपली सारी हयात वाटेवर घालविली आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर, घरापासून दूर, देह ठेवला, त्याच्यासमोर मी काय मागावे? मी फक्त तो वर केलेला हात आठवला.

तिसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परत निघालो. घाट चढावयास अर्धा दिवस लागला. बहुतेक सगळा ढकलतच चढलो. कणकुंबीच्या मावशींना विचारले. त्यांना तो ठाऊक होता. "महिन्यातून एकदा जातो, फादर. आता चंदगडच्या बाजूला गेला असेल." जांबोटीच्या अलीकडे त्या वळणावर मी उतरलो. दगड तेथेच होता. त्यावर थोडा वेळ बसलो. नंतर मावशींकडे एक नवा पंप आणि सोल्यूशनची एक ट्यूब पाठवून दिली आणि तो आला की त्याला द्या, माझे नाव आणि माझी चूक दोन्ही सांगा, असे कळविले.

जानेवारीत त्या बाजूला जाण्याचा योग आला. मावशी म्हणाल्या, "आला होता. पंप घेतला, खूश झाला. पण फादर, तुम्ही त्याला काही आठवत नाही. म्हणाला, कोणते बाबूजी? रस्त्यावर पुष्कळजण जातात."

त्याला मी आठवत नाही. मला मात्र तो रोज आठवतो. हे असेच असावे. जो पुढे निघून जातो त्याच्याच मागे ती गोष्ट लागते.

आमच्या चर्चच्या फाटकाशी चिंचेचे झाड आहे. त्याच्या खोडाला आता एक लाकडी पेटी बसविली आहे आणि शेजारी साखळीने बांधलेला पायपंप. पेटीत ठिगळे, घासकागद, पाने आणि सोल्यूशन असते. पेटीला कुलूप नाही. शाळेला जाणारी मुले, दूधवाले, बाजाराला जाणारे, सर्व जातिधर्मांचे लोक थांबतात. पाने दोनदा गेले, पुन्हा ठेवले. सोल्यूशन ताजे आहे की वाळले, हे मी दर शनिवारी दाबून पाहतो. ते काम मी कोणाला सोपविलेले नाही.

आणि त्या जुन्या दाखल्याचे वाचन आले म्हणजे माझा आवाज आता कडक होत नाही. मी ते सावकाश वाचतो, आणि याजकाचे वाक्य आले की क्षणभर थांबतो. आमच्या लोकांना वाटते, फादरांचा चष्मा घसरला.